एकेचाळीस चिठ्ठ्या आणि एक तापस

ते साल एकोणीसशे एक्क्याण्णव. कागदाची गिरणी बंद पडून तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि गिरणीमागच्या तळ्यांवर पक्ष्यांचा मेळा भरायला लागून सहा.

तळी तीन. गिरणी चालू होती तेव्हा लगद्याचं घाण पाणी त्यांत सोडत आणि माणसं नाकाला रुमाल लावून तिथून जात. गिरणी थांबली, चार-पाच वर्षांत पाणी निवळलं, काठाकाठाने पुरुषभर उंचीची पाणकणसं माजली, आणि कुठून कुठून बदकं, बगळे, टिटव्या येऊन राहिल्या. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्यांच्यापाशी वेळच वेळ होता. ती माणसं आधी नुसती बघायला लागली, मग मोजायला लागली, आणि मग मोजण्यावरून भांडायला लागली. भांडणं मिटवायला शाळेचे हेडमास्तर लागले. हेडमास्तर आले म्हणजे वही आली, वही आली म्हणजे नियम आले. असा तो मेळा उभा राहिला. हिवाळा सरता सरता एक शनिवार आणि एक रविवार. शनिवारी लोकांना तळ्यांवरून फिरवायचं, पोरांच्या स्पर्धा घ्यायच्या. रविवारी सूर्य उगवल्यापासून दहा वाजेपर्यंत मोजणी.

नियमांतला मोठा नियम एकच. एकट्याने पाहिलेला पक्षी वहीत चढायचा नाही. दोघांनी, एकाच वेळी, एकाच जागी पाहायला हवा. त्याला सगळे चार डोळ्यांचा नियम म्हणत. सुताराचा एक डोळा लहानपणापासून अधू. तो म्हणायचा, "म्हणजे मला सोबतीला दीड माणूस लागणार."

शिवणकाकूंचं दुकान बाजाराच्या टोकाला, दोन पायऱ्या चढून आत. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला रिळांची फळी. शाळेचे गणवेश, पडदे, कोटांची अस्तरं. काकूंच्या दोन गोष्टी गावात नावाजलेल्या. एक, त्यांनी बुधवार सांगितला की कपडा बुधवारीच मिळणार. तेवीस वर्षांत तारीख चुकली नव्हती. दुसरी, त्यांची नजर. करड्या दोऱ्याची सात रिळं एका रांगेत ठेवा, हवं ते रीळ उजेडाला न नेता उचलून देत. या नजरेपायीच त्या पक्ष्यांच्या नादाला लागल्या होत्या.

आणि या नजरेपायीच तीन वर्षांपूर्वी त्यांची शोभा झाली होती.

त्या वर्षी मोजणीला त्यांची जोडीदार म्हणून नणंद होती. दुसऱ्या तळ्याच्या पंपघराजवळ दोघी बसलेल्या. नणंदेने थर्मासमधून चहा ओतायला मान वळवली, आणि नेमकी त्याच क्षणी पाणकणसांतली एक काडी चालली. ती काडी नव्हती. पिवळट तपकिरी अंग, त्यावर उभे गडद पट्टे, चोच सरळ आभाळाकडे. तापस. जागच्या जागी गोठून उभा राहतो म्हणून त्याला ते नाव. तळ्यांवर तो कधीच कोणी पाहिलेला नव्हता. काकूंनी नणंदेचा दंड धरला, नणंदेने वळून पाहिलं, चहा तिच्या मांडीवर सांडला, आणि समोर नुसती पाणकणसं.

"मी नाही पाहिला हो सर," नणंदेने हेडमास्तरांना सांगितलं. "वहिनी खोटं बोलत नाहीत, पण मी पाहिला असं मी तरी खोटं कसं बोलू?"

हेडमास्तरांनी काकूंची नोंद आधी लिहिली होती, तिच्यावर लाल रेघ मारली. इथवर ठीक होतं. नियम म्हणजे नियम, काकूंनाही तो मान्य होता. पण संध्याकाळी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत समारोप झाला तेव्हा हेडमास्तरांना विनोदाची लहर आली. "आपल्या शिवणकाकूंना पाणकणसांतही पट्ट्यापट्ट्यांचं कापड दिसतं," असं ते म्हणाले, आणि शंभर माणसं हसली.

हसणं त्या दिवशी संपलं असतं तर काय हवं होतं. पण गावाला नवा शब्द मिळाला. कोणी थाप मारली की लोक म्हणत, "हा काकूंचा तापस दिसतोय." नगरपालिकेने रस्ता दुरुस्त करू म्हटलं की काकूंचा तापस. जावई येतो म्हणाला आणि आला नाही, काकूंचा तापस. एकदा तर कोटाचं माप द्यायला आलेला माणूस दुकानात उभं राहून म्हणाला, "बुधवारी नक्की ना? की तापस?" काकूंनी कोट मंगळवारीच शिवून दिला, आणि त्या दिवसापासून तळ्यांवर जायचं बंद केलं. मेळ्यासाठी स्वयंसेवकांच्या दंडावरच्या फिती तेवढ्या शिवून देत. नवरा म्हणायचा, "अगं, चल की, लोकांच्या तोंडाला काय कुलूप घालता येतं?" काकू म्हणायच्या, "तोंडाला नको घालायला. पण तेवीस वर्षं सांभाळलेला शब्द होता हो माझा. तो त्यांनी पायपुसणं करून टाकला."

एक्क्याण्णव सालच्या मेळ्याला दोन नव्या गोष्टी होत्या. एक म्हणजे पाहुण्या बाई. मोठ्या शहरातल्या, पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या. त्या सहा वर्षांची वही बघून तळ्यांवरच्या पक्ष्यांची यादी छापणार होत्या. वहीत जे होतं ते छापलं जाणार, लाल रेघेखाली होतं ते कायमचं गेलं.

दुसरी म्हणजे स्पर्धा. एक लाकडी पक्षी पाणकणसांत लपवायचा, लोकांनी तो काठावरून शोधायचा आणि कुठे दिसला ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. पक्षी कोणता, तर तापस. आणि वाचनालयाच्या दारावर हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात पाटी लागली: काकूंचा तापस शोधा.

सुतार मेळ्याच्या आदल्या आठवड्यात दुकानात आला. काखेत कोरलेला पक्षी, आणि चेहरा असा की दुकानाबाहेरच बूट काढून आत यावं की बुटांसकट पळून जावं हे कळेना.

"काकू, मला हे काम नको होतं. पण सर म्हणाले."

"बस. मान अशी समोर का केलीस? तापस चोच वर धरतो."

"उभी चोच कोरली तर लाकूड तिथे चिरतं. दोन मोडल्या. मग म्हटलं, समोर बघू दे बापडा." त्याने रंगाची डबी पुढे केली. "आणि रंग... मला मेलं सगळं तपकिरी एकच दिसतं."

"मी रंगवावा म्हणतोस? लोकांनी मला हसावं म्हणून?"

सुताराने डबी टेबलावर ठेवली. काकूंनी पक्षी हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"ठेव," त्या म्हणाल्या. "हसायचंच असेल तर निदान धड रंगाच्या पक्ष्याला हसू देत."

तीन संध्याकाळी बसून त्यांनी तो रंगवला.

शनिवारी मेळा भरला. माणसं एरवीपेक्षा जास्तच आली. नणंदेने चहा-बिस्किटांचं टेबल मांडलं, लोक काठाकाठाने फिरले, वाकले, दुर्बिणी एकमेकांना दिल्या, बोटं दाखवली, हसले. संध्याकाळी पाचच्या सुमाराला वाचनालयाच्या खोलीत पेटी उघडली. सुतार चिठ्ठ्या वाचायला बसला, काकूंचा नवरा ढीग लावायला. हेडमास्तर पाहुण्या बाईंना वही दाखवत होते. काकू कोपऱ्यात दुसऱ्या दिवसाच्या फितींना टाके घालत होत्या.

"पंपघराच्या डावीकडे," सुताराने वाचलं. "चूक. पंपघराजवळ. चूक. पंपाच्या अलीकडे, गंजक्या पाइपाशेजारी. चूक. हा कोण? 'झाडावर.' झाडावर तापस, वा. पंपघर. पंपघर. अहो, या गावाला झालंय काय? मी तिसऱ्या तळ्याच्या पाणी सोडायच्या लाकडी दाराशी बसवलाय पक्षी, दोन खिळे ठोकून, आणि हे सगळे दुसऱ्या तळ्याच्या पंपघराला चिकटलेत."

"एकाने सांगितलं असेल, बाकीच्यांनी री ओढली," हेडमास्तर तिकडूनच म्हणाले. "मेंढरं. वर्गातही असंच करायची."

त्रेसष्ट चिठ्ठ्या. बरोबर दोन. पंपघरवाल्या एकेचाळीस.

काकूंची सुई थांबली होती. "अहो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "त्या पंपघरवाल्या जरा इकडे द्या."

त्यांनी एकेक वाचली. बऱ्याच जणांनी नुसती जागा लिहिली होती. पण काहींनी हौसेने जास्त लिहिलं होतं. एका पोरीने लिहिलं होतं, मान वर करून उभा आहे. एका म्हाताऱ्या पोस्टमनने लिहिलं होतं, चोच आभाळाकडे, सुताराचं काम उत्तम. आणखी एक: चोच वर. आणखी एक.

काकूंनी त्या चार चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या.

"सुतारा, तुझ्या पक्ष्याची चोच कुठे बघते?"

"समोर. तुम्हाला माहीत आहे. वर केली की..." सुतार बोलता बोलता थांबला. त्याने चिठ्ठ्यांकडे पाहिलं. मग त्याचा बरा डोळा हळूहळू मोठा झाला. "अरे देवा."

"काय झालं?" हेडमास्तर उठून आले.

"सर," काकू म्हणाल्या, "आज एकेचाळीस माणसांनी पंपघराजवळ तापस पाहिला. जिवंत. आणि लाकडाचा समजून चिठ्ठी टाकून घरी गेली."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, चिठ्ठ्या वाचल्या. माणूस हेकट होता, पण अक्षरशत्रू नव्हता. चिठ्ठीत लिहिलेलं त्यांना दिसत होतं.

"काकू, क्षणभर मानलं," ते म्हणाले. "पण लाकूड समजून पाहिलेला पक्षी हा पाहिलेला पक्षी धरता येईल का? त्यांनी पक्षी पाहिलेलाच नाही. त्यांनी लाकूड पाहिलं."

"ब्याऐंशी डोळे होते, सर."

"डोळे होते. ओळख नव्हती. वहीत ओळख लागते."

काकूंच्या नवऱ्याने कपाळाला हात लावला. नणंद चहाचे पेले पुसता पुसता म्हणाली, "सर, तुमच्या लग्नात तरी तुम्ही बायकोकडे बघून सही केलीत ना, की लाकूड समजून?" पाहुण्या बाई हसल्या. पण हेडमास्तर हलले नाहीत, आणि खरं सांगायचं तर काकूंनाही त्यांचं म्हणणं पटत होतं. त्यांना दयेची नोंद नको होती.

"उद्या सकाळी बघू या ना सगळे," पाहुण्या बाई म्हणाल्या. "तापस एकदा जागा धरली की सहसा सोडत नाही."

"आणि नाही दिसला तर?" हेडमास्तरांनी काकूंकडे पाहून विचारलं.

"तर पुढच्या वर्षीची पाटी मी स्वतः शिवून देईन. कापडाची. काकूंचा तापस. दरवर्षी लावा."

"आणि दिसला तर?"

"तर तुमचं तुम्ही ठरवा."

रविवारी पहाटे गाव लोटलं. बातमी रात्रीत घरोघर गेली होती. साठ-सत्तर माणसं पंपघराच्या बुटक्या भिंतीमागे ओळीने बसली. काकू मधोमध, एका बाजूला हेडमास्तर, दुसऱ्या बाजूला नणंद. नणंदेच्या हातात काही नव्हतं.

"चहा नाही आणला वन्सं?"

"माझी मेलीची हिंमत आहे का? आज मी पापणी पण नाही लववणार."

सूर्य वर आला. धुकं पाण्यावरून उचललं गेलं. पाणकोंबड्या आल्या, गेल्या. खंड्याने दोन सूर मारले. अर्धा तास गेला. मागे कोणीतरी कुजबुजलं, "काकूंचा तापस," आणि दोन-तीन माणसं फिसकन हसली. काकूंचे कान तापले, पण मान हलली नाही.

मग त्यांना तो दिसला. आलेला नव्हता तो. पहिल्यापासून तिथेच होता, गंजक्या पाइपापासून हातभर अंतरावर. पाणकणसांच्या वाळक्या पिवळ्यात एक पिवळा जरा जास्त उबदार होता, एवढंच.

"पाइपाच्या डावीकडे, सर. तिसरा झुबका. खालून वर या."

हेडमास्तरांनी दुर्बीण लावली. बराच वेळ लावली.

"दिसलं," ते म्हणाले. "लाकूड आहे."

"सर..."

"पापणी हलत नाही, श्वास दिसत नाही. सुतारा, तू रात्री येऊन तो इथे आणून ठेवलास. काकूंवर माया आहे तुझी, समजू शकतो मी."

सुतार जागचा उठला आणि तिसऱ्या तळ्याकडे चालायला लागला. दहा मिनिटांनी परत आला तो गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, आणि काखेत लाकडी तापस, समोर बघणारा, पायांत दोन वाकलेले खिळे.

"काखेत कळसा म्हणतात तसं झालं, सर," तो हळूच म्हणाला. "माझा हा माझ्यापाशी आहे."

सगळ्या ओळीने आधी काखेतल्या पक्ष्याकडे पाहिलं, मग पाणकणसांकडे. हेडमास्तरांच्या कपाळावर घाम आला, त्या थंडीत.

"दुसरा कोणीतरी करून ठेवला असेल," ते म्हणाले, पण आवाजात आता दम नव्हता.

"या गावात दुसरा सुतार कोण आहे?" सुताराने विचारलं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच रागावलेला दिसला.

तेवढ्यात वारा सुटला. तळ्याच्या पलीकडच्या काठाने पाणकणसं वाकली, मग मधली, मग पंपघराजवळची. सगळी एका अंगाला झुकली आणि सावकाश परत आली. आणि त्यांच्याबरोबर, अगदी तेवढाच, तो पट्ट्यापट्ट्यांचा उभा पक्षीही झुकला आणि परत आला. पुन्हा वारा, पुन्हा तसंच. वाऱ्याने हलत नव्हता तो. पाणकणीस झाल्याचं सोंग करत होता, आणि सोंग इतकं चोख की डुलणंसुद्धा विसरला नव्हता.

"हलला," हेडमास्तर म्हणाले. इतक्या हळू, की ते फक्त काकूंना आणि नणंदेला ऐकू गेलं.

"मी पाहिला," नणंद म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पापणी न लववल्यामुळे की कशामुळे कोण जाणे. "वहिनी, मी पाहिला हो. या वेळी पाहिला."

वारा पडला तशी तापसाने चोच खाली आणली. एक पाय उचलला, पुढे टाकला, मान एकदम लांब केली आणि पाण्यातून चांदीचा तुकडा उचलावा तसा मासा उचलला. साठ-सत्तर माणसांपैकी एकानेही आवाज केला नाही. मासा गिळून झाल्यावर तो दोन पावलं उघड्यावर आला, रुंद तपकिरी पंख पसरले, आणि भिंतीमागच्या सगळ्या डोक्यांवरून, इतक्या खालून की काकूंच्या नवऱ्याने टोपी सावरली, तिसऱ्या तळ्याकडे उडून गेला.

मग मात्र माणसं उभी राहिली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी शेजाऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. ज्या एकेचाळीस जणांनी आदल्या दिवशी तो लाकडी म्हणून पाहिला होता ते आता एकमेकांना सांगत होते, मला कालच शंका आली होती. म्हातारा पोस्टमन काकूंच्या पुढ्यात येऊन म्हणाला, "सुताराचं काम उत्तम असं लिहिलं होतं मी. ज्याचं काम होतं त्या वरच्याला ती शाबासकी पोचवायला हवी." काकू हसल्या. तीन वर्षांनी तळ्याच्या काठावर हसल्या.

दुपारी समारोप झाला. खोलीत बसायला जागा नव्हती, माणसं खिडक्यांत बसली होती. हेडमास्तर वही घेऊन उभे राहिले. आजची नोंद त्यांनी वाचली: तापस, एक, पंपघराजवळ, पाहणारे अडुसष्ट. मग त्यांनी पानं मागे उलटली, तीन वर्षांपूर्वीच्या पानावर आले, आणि सगळ्यांसमोर ते वाचलं, लाल रेघेसकट.

"नियमाप्रमाणे ही रेघ बरोबर होती," ते म्हणाले. "त्या संध्याकाळी मी जे बोललो ते नियमात नव्हतं. ज्या बाईने तीन वर्षांपूर्वी एका क्षणात ओळखलं ते मला आज समोर तासभर बसूनही ओळखता आलं नाही. लाकूड म्हणालो मी त्याला. काकू, मी तुमची माफी मागतो. आणि ही नोंद यादीत जाईल, नियम माझा आहे, मी मोडतो."

त्यांनी रेघेशेजारी काळ्या शाईने लिहिलं, माझी चूक, नोंद खरी, आणि सही केली.

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू उभ्या राहिल्या. भाषण करायची त्यांना सवय नव्हती.

"तारीख घाला सर," त्या म्हणाल्या. "सहीखाली तारीख नसली तर आमच्या धंद्यात कपडा घेत नाहीत."

खोली हसली, आणि हेडमास्तरांनी तारीख घातली.

पाहुण्या बाईंची यादी पुढच्या वर्षी छापून आली. तापसाच्या दोन नोंदी, दोन साली. यादीमुळे तळी बुजवून तिथे गोदामं बांधायचा बेत मागे पडला, तो कायमचा. बाई नंतर अकरा वर्षं मेळ्याला येत राहिल्या, आणि उतरायच्या त्या काकूंकडेच.

हेडमास्तर नव्वद वर्षांचे होऊन गेले. चार डोळ्यांचा नियम त्यांनी ठेवला, पण त्याखाली एक ओळ वाढवली: पक्षी पाहणाऱ्यावर समारोपात विनोद करू नये.

सुताराचा लाकडी तापस वाचनालयाच्या कपाटावर बसला. लोकांना तसे हवे झाले, आणि त्याने दारं-खिडक्या सोडून म्हातारपणी नुसते पक्षी कोरले. रंग काकूच देत. चोच मात्र त्याला शेवटपर्यंत वर करता आली नाही.

नणंद मोजणीला पुन्हा कधी चहा घेऊन गेली नाही. गावातली उत्तम मोजणारी म्हणून तिचं नाव झालं, आणि ती ते उघडपणे मिरवायची.

काकूंचा नवरा सत्त्याण्णव साली गेला. जायच्या आधी त्याने डॉक्टरांना विचारलं, किती दिवस, आणि डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. तेव्हा तो म्हणाला, "मग आमच्या हिला विचारा, ती बरोबर तारीख देईल." काकू त्याही वेळी हसल्या, आणि मग रडल्या.

गावाचा तो शब्द मात्र राहिला, उलटा होऊन. पक्की गोष्ट असली की लोक म्हणायला लागले, अगदी काकूंच्या तापसाइतकी खरी. नवीन आलेल्यांना ते सुरुवातीला समजत नसे.

काकूंनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत मशीन चालवलं आणि ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत मोजणी केली. शेवटच्या वर्षी पहिल्या तळ्यावरच्या बदकांवरून नव्या तरुण हेडमास्तरीणबाईंशी त्यांचा वाद झाला. बाई म्हणत दोनशे अकरा, काकू म्हणत दोनशे बारा. दोघींनी बसून पुन्हा मोजली. दोनशे बारा निघाली. काकू काठी टेकत चालत घरी आल्या, पोटभर जेवल्या, आणि दुपारी गाढ झोपल्या.